सात महिने मायक्रो कलर पॅनल वापरून: हात सुधरला, पण आधी भिंत रंगवावी लागली

दिवाळीच्या पाडव्याला घेतलं होतं, आता मृग लागलं. मधल्या काळात लग्नाचा अख्खा सीझन, दोन शॉर्टफिल्म अन् एक शाळेचं गॅदरिंग (त्याबद्दल न बोललेलंच बरं) याच्यावरच काढलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

वस्तू म्हणजे ब्लॅकमॅजिकचं दाविंची रिझॉल्व्ह मायक्रो कलर पॅनल, २०२४ मध्ये आलेलं छोटं मॉडेल. रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिट करायचं अन् त्याचे रंग बसवायचं (ग्रेडिंग) सॉफ्टवेअर, अन् हे त्याचं माउसऐवजी हातानं फिरवायचं यंत्र. तीन ट्रॅकबॉल, प्रत्येकाभोवती फिरणारी रिंग, वर बारा नॉब, मागे आयपॅड उभा करायची खाच. फक्त रिझॉल्व्हसोबत चालतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी इथूनच परत फिरा.

पहिले माझं काम कसं चालायचं सांगतो. तीन कॅमेरे, एक ड्रोन, सगळं लॉगमध्ये (म्हणजे फिक्या, नंतर रंग काढायच्या फॉरमॅटमध्ये) शूट केलेलं, कुठून तरी उतरवलेली एखादी लट (LUT, रंगांची तयार फाइल) मारायची अन् मग एकेका शॉटवर माउसनं रंगाचं व्हील ओढत बसायचं. माउसनं एका वेळी एकच गोष्ट हलते ना, सावल्या खाली घेतल्या की चेहरा पडतो, चेहरा उचलला की शालूची जरतार जळते (पांढरीफटक होते), ती सांभाळायला गेलो की परत सावल्या, असं गोल गोल. पॅनलवर डाव्या हातानं लिफ्टची (सावल्यांची) रिंग अन् उजव्यानं गेनची (उजेडाच्या भागाची) एकाच वेळी फिरते, अन् चेहरा कुठं बसतो ते डोळ्यासमोर दिसते. पहिल्याच आठवड्यात वाटलं पैसे वसूल.

इथंच मी फसलो. डिसेंबरातल्या एका लग्नाचा टीझर दिला, अन् दुसऱ्या दिवशी नवरीच्या मावशीचा फोन: "काहो भाऊ, आमची पोरगी आजारी होती का त्या दिवशी? हिरवी-पिवळी दिसून राहिली." मी म्हटलं काकू, मोबाईलची स्क्रीन असेल. मग घरातल्या तीन मोबाईलवर अन् टीव्हीवर लावून बघितलं, मावशी बरोबर होत्या. पॅनलचा काही दोष नव्हता. दोष होता मॉनिटरच्या मागच्या पिस्ता रंगाच्या भिंतीचा, जो आईनं हौसेनं निवडलेला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसते म्हणतात, माझं उलटं झालं होतं. हिरव्यात बसून बसून डोळा हिरव्याला सरावला, त्यामुळे स्क्रीनवरचा चांगला चेहराही गुलाबी वाटायचा, अन् तो गुलाबी मारायला मी हिरवा ढकलत राहायचो. माउस होता तेव्हा कंटाळून कमी ढकलायचो, पॅनलनं तीच चूक दुप्पट स्पीडनं व्हायला लागली. वेक्टरस्कोप (चित्रातले रंग गोल आलेखावर दाखवणारं मीटर) उघडला असता तर लगेच कळलं असतं, कारण त्वचा गोरी असो की सावळी, ती त्या स्किन टोनच्या रेघेच्या आसपासच पडते. पण नवीन खेळण्याच्या नादात साहेबांनी स्कोप बंद करून ठेवले होते.

संक्रांतीच्या आधी भिंत मॅट करड्या रंगाची केली. आई अजूनही म्हणते, सुतकातली खोली दिसते. मॉनिटरच्या मागे ६५०० केल्विनची पट्टी लावली, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा टाकला (चार वाजताचं ऊन सरळ स्क्रीनवर यायचं, मे महिन्यात तर पडदा असूनही खोली भट्टी), अन् एका मित्राचा प्रोब (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र) आणून मॉनिटर व्हिडिओच्या ठरलेल्या मापावर बसवला: पांढरा डी६५, गॅमा २.४, उजेड १०० निट. १०० निट पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं मॉनिटर गेला की काय, एवढं अंधुक! मी वर्षानुवर्षे ब्राइटनेस फुल ठेवून ग्रेड करत होतो, म्हणून माझ्या फिल्म लोकांच्या टीव्हीवर नेहमी काळवंडलेल्या दिसायच्या. तेही त्याच दिवशी कळलं.

त्यानंतर कुठं पॅनल खरं कामी यायला लागलं. आता प्रत्येक कॅमेऱ्याच्या शॉटचा एक ग्रुप करतो, पहिल्या पायरीत (प्री-क्लिप) त्या कॅमेऱ्याचा लॉग दाविंची वाइड गॅमट इंटरमीजिएटमध्ये, म्हणजे रिझॉल्व्हच्या स्वतःच्या कामाच्या कलर स्पेसमध्ये, आणतो, क्लिप लेव्हलवर फक्त बॅलन्स, कॉन्ट्रास्ट अन् चेहरा, पोस्ट-क्लिपमध्ये अख्ख्या ग्रुपचा लूक, अन् रेक ७०९ मध्ये (टीव्हीच्या नेहमीच्या रंगांत) उतरवणं टाइमलाइन लेव्हलवर सगळ्यांना एकदाच. नोड ट्री (नोड म्हणजे ग्रेडची एकेक पायरी) सगळीकडे सारखीच, तिसरा नोड म्हटलं की चेहरा, मग शॉट ड्रोनचा असो की अंतरपाटाचा. असं असलं की हातालाच सवय लागते, खाली बघावं लागत नाही. एक सेटिंग मात्र आठवणीनं बदला. कॉन्ट्रास्टचा पिव्हॉट, म्हणजे ज्या बिंदूच्या वरचं उजळते अन् खालचं काळं होते तो, रिझॉल्व्हमध्ये ०.४३५ वर असतो, पण इंटरमीजिएटमध्ये १८ टक्के ग्रे (मधला करडा) ०.३३६ ला बसतो. पिव्हॉट तसाच ठेवून कॉन्ट्रास्टचा नॉब फिरवला की अख्खं चित्र अंधारात जाते अन् आपण गॅमा (मधल्या उजेडाचा ट्रॅकबॉल) उचलत बसतो. पिव्हॉटचा वेगळा नॉब आहे पॅनलवर, मी तो महिनाभर हातच लावला नव्हता बे.

साडेतीनशे शॉटची लग्नाची फिल्म पहिले चार रात्री खायची, आता दीड दिवस. त्यातला निम्मा फायदा तरी ग्रुप अन् ठरलेल्या नोडचा आहे, ते पॅनलशिवायही होते.

जिथं पॅनल काही करत नाही तेही सांगतो. हळदीचा कार्यक्रम. हळदीचा पिवळा अन् आपल्या त्वचेचा रंग वेक्टरस्कोपवर शेजारी-शेजारी राहतात, क्वालिफायरनं (रंगावरून भाग निवडायचं टूल) हळद पकडायला गेलं की अर्धा गाल सोबत येतो. तिथं मुकाट माउस घ्यायचा, चेहऱ्यावर विंडो (आखलेला भाग), ती चेहऱ्यासोबत हलवायला ट्रॅकर, अन् कलर वॉर्परच्या रंगजाळीत पिवळ्याचा एकच ठिपका हळू हळू ओढायचा. कर्व्ह, क्वालिफायर, विंडो हे सगळं माउसचंच काम. दुसरं म्हणजे वर्धा रोडच्या लॉनमधले रिसेप्शन. डीजेची निळी-जांभळी एलईडी चेहऱ्यावर पडली की निळा चॅनेल फाटतो (हद्दीबाहेर जातो), गाल प्लास्टिकसारखा दिसते, अन् ट्रॅकबॉल कितीही फिरवा काही होत नाही. त्याला हद्दीबाहेरचे रंग आत दाबणारं काहीतरी, म्हणजे कलर स्पेस ट्रान्सफॉर्ममधलं सॅच्युरेशन कॉम्प्रेशन किंवा एसेसचं (ACES) गॅमट कॉम्प्रेस लावायचं, ते सुरुवातीलाच, नंतर नाही. आता मी डीजेवाल्या दादालाच आधी सांगून ठेवतो की वरमाला होईपर्यंत पांढरी ठेव, तो मान हलवतो अन् निळीच लावतो.

ब्लूटूथवर चालते, पण माझ्या पीसीचा जुना डोंगल मधेच सोडून द्यायचा, म्हणून सरळ यूएसबी-सी वायर लावून टाकली. धुळीसाठी वरून रुमाल टाकून ठेवतो, कूलरच्या दमट हवेत नॉबवर बोटांची चिकट घाण बसते, आठवड्यातून एकदा पुसावं लागते. बॅटरी आतच आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली तेव्हा पीसी बंद, मॉनिटर बंद, कूलर बंद, अन् पॅनलचे दिवे मात्र मस्त लागलेले. रिझॉल्व्हचं लाइव्ह सेव्ह (आपोआप सेव्ह होणं) चालू होतं म्हणून काम वाचलं.

महिन्याला दोन-तीन प्रोजेक्ट येत असतील तर घ्या, एखाद्या बऱ्या लेन्सएवढे पैसे जातात पण रोज हातात येते. वर्षाला चार व्हिडिओ करणाऱ्यानं आधी प्रोब कोणाकडून मागून आणा अन् रंगाचा डबा घ्या. करड्याच्या दोन शेड आणल्या होत्या, फिकी जास्त चांगली बसली, उरलेली गडद अर्धी बादली पडून आहे, धरमपेठकडचं कोणी असेल तर घेऊन जा.