मासे द्यायच्या आधी पाणी कुठलं ते विचारतात, ४ स्टार

आधी सांगते की माझा पहिला फिशटँक ह्या दुकानातला नव्हता, कुठला होता ते जाऊ दे. लेकीच्या हट्टापायी दिवाळीत घेतला, एक फुटाची टाकी, त्यात २ गोल्डफिश, १ एंजल, ४ टायगर बार्ब आणि "काच साफ करायला" म्हणून १ सकर, सगळं एकाच संध्याकाळी भरून दिलं वर निळे खडे फ्री. आठ दिवसांत बार्बांनी एंजलच्या पंखांच्या चिंध्या केल्या, गोल्डफिश पाण्यावर तोंड काढून हापसायला लागले, आणि दहाव्या दिवशी उरला फक्त सकर. पोरगी शाळेतून आली की आधी टाकीजवळ जायची, तिला काय सांगायचं हाच रोजचा प्रश्न.

तो सकर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून मी इथे आले. दुकानाच्या काकांनी बरणी उजेडाला धरली आणि म्हणाले, ताई हा फूट-दीड फुटाचा होतो, तुमच्या टाकीत वळणार कसा? त्यांनी तो मागच्या मोठ्या टाकीत ठेवून घेतला, आणि नदीत-बिदीत सोडायचा विचार असेल तर करू नका हेही ऐकवलं (खरं सांगायचं तर नवरा तेच म्हणत होता).

मला नवीन मासे हवे होते, पण काकांचं पहिलं वाक्य, पाणी कुठलं? मी म्हटलं नळाचं, अजून कुठलं. तर म्हणे गंगापूर धरणाचं (आमच्या नाशिकच्या नळाला तेच येतं) एकटं की सोसायटीचं बोअर मिक्स? मला माहीतच नव्हतं. घरून बाटली भरून आणायला लावली, पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) बुडवला, ५४० आला. काका म्हणाले, म्हणजे बोअर आहेच, आणि ह्या जड, क्षारांच्या पाण्यात निऑन टेट्रा मासा मी देणार नाही, त्याला मऊ पाणी लागतं. गप्पी, मॉली, प्लॅटी ह्यांना मात्र असलं पाणी मानवतं. मी शहाणपणा करून विचारलं मग आरओचं टाकू का, तर हसायलाच लागले, म्हणे त्यात क्षारच नसतात, नुसत्या आरओवर मासा तगत नाही.

त्याच दिवशी मला कळलं की गोल्डफिश थंड पाण्यातला आणि घाण जास्त करणारा, एंजल गरम पाण्यातला आणि मोठा झाला की निऑनएवढे मासे गिळणारा, टायगर बार्ब लांब शेपटीवाल्याच्या मागे लागणारा. म्हणजे आधीच्याने मला टाकी नाही, भांडण विकलं होतं.

मग २४ बाय १२ बाय १५ इंचाची टाकी घेतली, काठोकाठ भरली तर साधारण ७० लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा सोडून ६० धरा. म्हणजे नुसतं पाणीच ६० किलो, तेव्हा टीपॉयवर ठेवायचा विचार सोडा, खाली थर्माकोलची शीट हवीच. स्पंज फिल्टर, एअर पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व (लाइट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येऊ नये म्हणून, अगदी स्वस्त वस्तू पण आधीच्याने दिलीच नव्हती), ५० वॅटचा हीटर, काचेचा थर्मामीटर आणि अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध). सगळं मिळून ३,५०० च्या आसपास गेले. महागडा टॉप फिल्टर मीच मागत होते, तो त्यांनी नको म्हणून सांगितलं, गप्पीला एवढा प्रवाह झेपत नाही म्हणे.

आणि मासे? दिलेच नाहीत! माशांची शी आणि उरलेले दाणे कुजून अमोनिया होतो, तो माशांना विषच, आणि तो खाणारे बॅक्टेरिया स्पंजात तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, नवीन टाकीत ते नसतातच, आमचे गोल्डफिश त्यानेच गेले असणार. काकांनी स्वतःच्या चालू टाकीतला जुना स्पंज एका पिशवीत पिळून दिला. असला काळा गाळ की घरी टाकीत ओतताना मला वाटलं आपण येडे झालोय, पाणी चहासारखं, सासूबाई म्हणाल्या ह्याचे पैसे दिलेस? (नाही दिले, फुकट होता.) तरी रोज चिमूटभर दाणे (बॅक्टेरियांच्या पोटासाठी) टाकत ३ आठवडे थांबवलंच, आणि अमोनियाची टेस्ट करून मगच ६ नर गप्पी, पंधरा दिवसांनी ४ प्लॅटी.

आता तक्रारी. प्लॅटी सगळे नर देतो म्हणाले होते, एक मादी निघाली, आणि मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे कितीतरी महिने पिल्लं देत राहते. एका सकाळी टाकीतल्या जावा मॉसमध्ये (शेवाळासारखी पाणवनस्पती) नुसते डोळे दिसत होते, डोळे आणि मागे धाग्याएवढं अंग, मोजले तर ११. त्याच मॉसबरोबर गोगलगायीही आल्या, त्या अजून निस्तरतेय. दुकान दुपारी २ ते ५ बंद, फोन उचलत नाहीत, पार्किंगची बोंब.

हीटर फुटला तो मात्र माझ्याच हाताने. जानेवारीतली आपली थंडी, पहाटे पाणी १९ वर गेलेलं म्हणून हीटर चालूच ठेवायचे, आणि पाणी बदलताना बटण बंद करायला विसरले. पाणी खाली गेलं, कांडी उघडी पडून तापली, वरून गार पाणी पडलं आणि टच् करून तडकली. आधी बटण बंद करा, मगच मग्गा घाला, हे काकांनी दोनदा बजावलं होतं, त्यामुळे बदलून मागायला तोंडच नव्हतं.

पिल्लं मोठी झाली की आणून द्या, बदल्यात दाण्यांचा डबा देतो म्हणालेत. लेकीने अकराच्या अकरा जणांची नावं ठेवलीत, त्यामुळे दाणे विकतच आणतेय.