मुधोळ कुत्री अंगावर जाते म्हणून बोलावलेले ट्रेनर, सांगली (४ स्टार)

आमची बिजली मुधोळ जातीची. दिरांनी जतवरून पिल्लू असताना आणली, तिकडे कारवानच म्हणतात. शेतावर असती तर दिवसभर बांधावरून पळाली असती. आम्ही ठेवली शहरात, विश्रामबागेत. मोठी झाली आणि गेटसमोरून मांजर, शेळी, सायकलवरचं पोर, काहीही पळालं की झेप. पाहुण्याने डोक्यावर हात ठेवला की गुरगुर. दूधवाला पिशवी कंपाउंडवरून टाकायला लागला.

आधी आलेल्या एकाने साखळीचा फास लावून, हिसके देऊन गुरगुरणं बंद केलं होतं. हे सर त्यावरच वैतागले. गुरगुर म्हणजे तिचा इशारा, तो मारून बंद केलात तर इशारा न देता चावेल, असं तोंडावर सांगितलं. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून कान-दात तपासून घ्यायला लावले, कारण दुखण्यानेही कुत्रं चिडतं. रेबीजच्या लशीचं कार्ड बघितल्याशिवाय तर पट्ट्याला हातही लावला नाही.

मुधोळ नजरेने शिकार करणारी जात. लांब काही हललं की पाय सुटतात, मग हाक कानात शिरत नाही. त्यात डोकं निमुळतं, मान जाड, म्हणून साधा पट्टा सरकून निघतो. आमचा निघालाच होता, तोही भर शंभर फुटी रोडवर! सरांनी ओढल्यावर बेताने आवळणारा रुंद पट्टा घ्यायला लावला आणि तोंडाला जाळीचं मझल, म्हणजे मुसकं. कापडी नको, त्यात धाप टाकता येत नाही.

खरी शिकवणी कृष्णाकाठी झाली. आयर्विन पुलाच्या बाजूला चरणाऱ्या शेळ्या लांबून दाखवायच्या, ती ताठ व्हायच्या आत उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, मग थोडं पुढे सरकायचं. आता शेळी दिसली की बिजली आधी माझ्या हाताकडे बघते. सासूबाईंचं म्हणणं, "कुत्रीला चिकन आणि घरात आमटी."

पाहुण्यांच्या बाबतीत फारसा फरक नाही. ही जात परक्या हाताला सहसा राजी नसते, हात लावू देऊच नका, असं सर म्हणतात. मला पटलं. मिस्टरांना सगळ्यांकडून लाड करून घेणारा लॅब्रेडॉर हवा आहे, त्याला सर काय करणार?

एक स्टार कापला तो वेळेसाठी. सातची वेळ दिली की पावणेआठला उगवतात, वर भडंगाची वाटी संपेपर्यंत पट्टा हातात घेत नाहीत. भेटीचे ७०० रुपये, ते ठीक. पण सराव रोज घरच्यांनीच करायचा असतो. कुत्रं सोडून जायचं आणि शहाणं झाल्यावर न्यायचं, असलं काम ते घेत नाहीत.