लीन, सिक्स सिग्मा, मटेरियल फ्लो की आयएसओ: नासाडी कमी करायची तर सुरुवात कशाने?

एका रंगकामाच्या लाइनवर रोजच्या बोर्डावर लिहिलेलं असायचं: रिजेक्शन शून्य. आकडा खोटा नव्हता. ज्या पार्टवर रंग ओघळला किंवा धुळीचा कण अडकला, तो बाजूला काढून घासायचे, पुन्हा रंगवायचे, पुन्हा भट्टीतून काढायचे आणि शेवटी तो पास व्हायचा. एका पार्टला दोनदा रंग, दोनदा थिनर, दोनदा भट्टीची ऊर्जा, शिवाय घासलेल्या रंगाची पूड. बोर्डावर मात्र शून्यच.

पर्यावरणासाठी काही करायचं ठरवलेल्या बहुतेक उद्योगांची अडचण ही अशी असते. नासाडी चालू असते, पण आपण जे मोजतो त्यात ती येत नाही. मग कुणी लीन सुचवतं, कुणी सिक्स सिग्मा, कुणी मटेरियल फ्लोचा हिशेब, कुणी आयएसओचं प्रमाणपत्र घ्यायला सांगतं. चारही रस्ते मी जवळून पाहिलेत. कोणता कशाला उपयोगी आहे, ते याच रंगाच्या लाइनवर ठेवून सांगतो.

लीन: डोळ्यांना दिसणारी नासाडी

लीन म्हणजे कामातली नासाडी शोधून काढून टाकण्याची पद्धत; तिचं मूळ टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत आहे. ताइइची ओनो यांनी नासाडीचे, म्हणजे ‘मुडा’चे, सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, अनावश्यक वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, हालचाल आणि दोष. या यादीत वीज नाही, पाणी नाही, धूरही नाही. तरी प्रत्येक मुडाच्या पाठीवर त्यांचं ओझं असतंच. जास्तीचा माल बनवला की त्याचा कच्चा माल, त्याची ऊर्जा, तो ठेवायच्या गोदामाचे दिवे, आणि विकला गेला नाही तर त्याचं भंगार, सगळं त्याच्यासोबत येतं.

आपल्या लाइनवर लीनवाला माणूस आधी चालत फिरेल. घासण्याच्या टेबलाशेजारी साठलेले पार्ट त्याला पहिल्या तासातच दिसतील. तो विचारेल, ‘पहिल्याच फेरीत पास होणारे किती?’ हा एक आकडा बोर्डावर आला की चित्र पालटतं. पाच टप्प्यांची प्रक्रिया असेल आणि प्रत्येक टप्प्यावर 98 टक्के पार्ट पहिल्या फेरीत ठीक निघत असतील, तर सगळे टप्पे विनादुरुस्ती पार करणारे पार्ट साधारण 90 टक्केच उरतात. बाकीच्या दहा टक्क्यांचं रीवर्क कुठल्याही अहवालात नसतं.

लीनचं मोठं बळ म्हणजे माणसं. ऑपरेटरला गणित शिकवावं लागत नाही. कुठली नळी गळते, कुठला पंप उगाच चालू राहतो, हे त्याला आधीच माहीत असतं; आजवर कुणी विचारलेलं नसतं एवढंच. कॉम्प्रेसरचंच बघा. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा आणि घड्याळ लावायचं. हवा कुणीच वापरत नसताना तो तीन मिनिटं लोडवर (हवा भरत) आणि सात मिनिटं अनलोड (हवा न भरता) राहत असेल, तर त्याच्या क्षमतेची 30 टक्के हवा गळतीत चालली आहे. मग लाइनभर शांतपणे चालत जायचं. जोडाजोडांतून येणारी सुसकार ऐकू येते. साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात, तिथे खडूने खूण करायची. एरवी यंत्रांच्या आवाजात हे कधी कानावर पडत नाही. देखभाल नीट नसलेल्या ठिकाणी 20 ते 30 टक्के हवा गळतीत जाणं मुळीच दुर्मिळ नाही.

पण लीन पर्यावरणाच्या उलटही जाऊ शकतं, आणि हे सल्लागार सहसा सांगत नाहीत. लीन म्हणतं, बॅच लहान करा. रंगाच्या लाइनवर बॅच लहान केली की रंग बदलणं वाढतं. प्रत्येक बदलाला नळ्या थिनरने धुवाव्या लागतात आणि त्यातला बराच थिनर हवेत जातो. साठा घटला, वेळ वाचला, मात्र थिनरची पिंपं वाढली. तीच गोष्ट लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवण्याची: अर्ध्या रिकाम्या गाड्यांच्या फेऱ्या वाढतात. उपाय आहे. आधी धुण्याचीच प्रक्रिया सुधारायची: फिक्याकडून गडदाकडे रंगांचा क्रम लावायचा, नळी आखूड करायची, धुतलेला थिनर वेगळा ठेवून पुढच्या पहिल्या धुण्याला वापरायचा. मग बॅच लहान करायची. आणि माल टप्प्याटप्प्याने कसा पुढे सरकतो त्या प्रवाहाचा नकाशा काढताना प्रत्येक चौकटीखाली मिनिटांच्या जोडीला किलो, लिटर आणि विजेचे युनिट लिहायचे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लीन आणि पर्यावरण यांची सांगड घालणारी मार्गदर्शक साहित्यं काढली, त्यांचा गाभा हाच आहे.

सिक्स सिग्मा: न दिसणारी नासाडी

प्रक्रियेतला चढउतार आकड्यांनी शोधून कमी करायची ही पद्धत 1986 मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांच्या कामातून पुढे आली. दोष होऊ शकेल अशा दहा लाख संधींमागे 3.4 दोष हे तिचं प्रसिद्ध लक्ष्य. व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण असे पाच टप्पे.

रंगाच्या लाइनवर तिचा उपयोग अशा जागी होतो जिथे चालून काहीच दिसत नाही. समजा ग्राहकाला रंगाचा थर कमीत कमी 50 मायक्रॉन हवा आहे. थराची जाडी पार्टागणिक बदलते, तिचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) 6 मायक्रॉन आहे. मग एकही पार्ट पातळ निघू नये म्हणून ऑपरेटर सरासरी विचलनाच्या तिप्पट वर, म्हणजे 68 वर ठेवतो. त्याचं बरोबरच आहे; थर पातळ निघाला तर बोलणी त्यालाच खावी लागतात. आता रंगाची दाटी, फवारणीच्या बंदुकीचं अंतर, हवेचा दाब हे आटोक्यात आणून विचलन 3 वर आलं, तर तेवढ्याच सुरक्षिततेने सरासरी 59 वर आणता येते. दर पार्टामागे सुमारे 13 टक्के रंग वाचला. यात एकही पार्ट रिजेक्ट होत नव्हता, साठाही दिसत नव्हता, त्यामुळे लीनच्या फेरीत हे सुटलं असतं. भट्टीचं तापमान, बॉयलरची हवा, रसायनांचा डोस, धुण्याचं पाणी: जिथे जिथे माणूस ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून मार्जिन ठेवतो, तिथे ही पद्धत लागू पडते.

किंमत मात्र मोजावी लागते. विश्वासार्ह आकडे लागतात, आकडेशास्त्र येणारा माणूस लागतो, एकेका प्रकल्पाला महिने जातात. जाडी मोजणारं यंत्रच दोन हातांत दोन आकडे दाखवत असेल तर पुढचं सगळं विश्लेषण वाया. आणि दोष कशाला म्हणायचं हे इथे ग्राहक ठरवतो. हवेत गेलेला थिनर ग्राहकाला दिसत नाही, म्हणून तो व्याख्येत आपोआप येत नाही. पहिल्याच टप्प्यावर तुम्हाला तो लिहावा लागतो. गळकी नळी बदलायला सिक्स सिग्माचा प्रकल्प काढणाऱ्या जागाही आहेत. तिथे सहा महिन्यांनी छान आलेख तयार असतो आणि नळी गळतच असते.

मटेरियल फ्लो कॉस्ट अकाउंटिंग: मालकाला ऐकायला लावणारी वही

नाव लांबलचक आहे आणि चौघांत हीच सगळ्यात कमी माहितीची. जर्मनीत विकसित झाली, जपानच्या उद्योगांनी उचलून धरली, 2011 मध्ये आयएसओ 14051 म्हणून तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. माझा कौल तिच्याकडे आहे, तेव्हा पुढचं त्या हिशेबाने वाचा.

कल्पना साधी. आत आलेला प्रत्येक किलो एकतर मालातून बाहेर जातो नाहीतर नासाडीतून. दोन्हींना ‘उत्पादन’ मानायचं आणि खर्च दोघांत वाटायचा. समजा 100 किलो रंग उघडला, चांगल्या पार्टवर 55 किलो बसला. उरलेला 45 किलो फिल्टरमध्ये, गाळात, नळीत आणि घासलेल्या पुडीत गेला. नेहमीच्या हिशेबात या 45 किलोंचा खर्च म्हणजे गाळ उचलून नेण्याचं बिल. या पद्धतीत त्यात त्या रंगाची खरेदी किंमत येते, तो फवारायला लागलेली हवा आणि वीज येते, मजुरी येते, यंत्राचा घसारा येतो आणि सगळ्यात शेवटी ते उचलण्याचं बिल. बेरीज ऐकून हिशेबनीस दोनदा तपासतो.

ही वही स्वतः काही दुरुस्त करत नाही, आणि खर्च वजनाच्या प्रमाणात वाटणं ढोबळ आहे: एक किलो पाणी आणि एक किलो क्रोमियम सारखे नाहीत. विषारी पण हलक्या गोष्टी तिच्यात लहान दिसतात, त्यांची वेगळी यादी ठेवावीच लागते. पण एका लाइनीपुरती ती पंधरा दिवसांत मांडता येते. लागतं काय, तर एक वजनकाटा, खरेदीची बिलं आणि रोज कचऱ्याचं पिंप तोलून लिहिणारा एक जण.

आयएसओ 14001 आणि 50001: चौकट

पहिलं पर्यावरण व्यवस्थापनाचं, 1996 पासूनचं. दुसरं ऊर्जेचं, 2011 पासूनचं. दोन्ही योजना, कृती, तपासणी, सुधारणा या चक्रावर उभी आहेत. 14001 मुळे कायद्याची यादी तयार होते, जबाबदाऱ्या नावानिशी ठरतात, गळती किंवा सांडपाण्याच्या अपघातात कुणी काय करायचं हे लिहिलं जातं. लीनची लाट ओसरल्यावर, उत्साही मॅनेजर बदलून गेल्यावर टिकतं ते हेच.

पण 14001 किती प्रदूषण चालेल याचा आकडा ठरवून देत नाही. तेच प्रमाणपत्र भिंतीवर असलेल्या दोन कारखान्यांची कामगिरी अगदी वेगळी असू शकते. 50001 त्या मानाने कडक आहे: आधाररेषा (तुलनेसाठी सुरुवातीचा वापर) आखावी लागते, निर्देशक ठरवावे लागतात आणि ऊर्जा कामगिरी सुधारल्याचं दाखवावं लागतं. फक्त ऑडिटच्या आधी फायली भरायच्या असतील तर दोन्हींचा पर्यावरणाला उपयोग नाही.

मग कुणी काय घ्यावं?

पन्नासेक माणसांचा उद्योग, हाताशी आकडे नाहीत, पैसा बेताचा: पंधरा दिवस मटेरियल फ्लोचा हिशेब एका लाइनीचा, मग त्यात सर्वांत मोठी निघालेली नासाडी लीनने. सिक्स सिग्माच्या वाटेला तूर्त जाऊ नका. ग्राहक प्रमाणपत्र मागत असेल तर प्रश्नच मिटला, ते घ्याच, पण त्यातल्या ‘उद्दिष्टां’च्या रकान्यात हिशेबातून आलेले किलो आणि युनिट लिहा, ‘जनजागृती करणे’ नको.

मोठा उद्योग, लीन मुरलेलं, सोप्या गोष्टी संपलेल्या: एक-दोन हट्टी, महागड्या प्रक्रियांवर सिक्स सिग्मा. बिलात वीज आणि इंधनच मोठं असेल तर आधी 50001. कार्यालयं आणि सेवा व्यवसायांत लीन बहुतेक वेळा पुरतं. रुग्णालयं आणि प्रयोगशाळा अपवाद. तिथे मुदत उलटून फेकलेल्या साहित्यासाठी हिशेबाची वही फार कामाची आहे.

निर्णयाआधी एक मर्यादा ध्यानात ठेवा. चारही पद्धती आहे ती प्रक्रिया सुधारतात. मालच एकदा वापरून फेकायचा असेल, भट्टी कोळशावर असेल, तर त्याचं उत्तर डिझाइनमध्ये आणि इंधन बदलण्यात आहे. शिवाय दर नगामागची वीज घटते आणि नग वाढल्याने एकूण वीज चढते, असंही होतं. विल्यम जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवलं होतं की वाफेची यंत्रं काटकसरी झाली तसा कोळशाचा खप वाढला. म्हणून बोर्डावर दर नगाचा आकडा आणि महिन्याचा एकूण आकडा दोन्ही लावा.

आणि सल्लागाराशी करार करण्याआधी त्याला सांगा, ‘तुम्ही केलेल्या एका कामाचं आधीचं आणि नंतरचं मीटर रीडिंग दाखवा, दोन्ही वेळच्या उत्पादनासकट.’ माणसाने खरंच काम केलं असेल तर ते कागद त्याच्याकडे असतात, आणि कोणत्या महिन्यात आकडा पुन्हा वर गेला होता आणि का, हेही तो न विचारता सांगतो.