गुडूरचं बेरिल की टेक्सासचा राउंड टॉप? डिझर्टेशनचा विषय ठरवण्याआधी

सोलापुरात भूशास्त्र शिकायचं म्हणजे बेसाल्टच्या अंगणात वाढायचं. विहीर खणा, क्रशरवर जा, हाताला तोच काळा दगड लागतो. बेरिलियम हा हलका धातू त्यात नावापुरताच, दहा लाख भागांत जेमतेम एखादा भाग. त्याचा आयन इतका लहान की नेहमीच्या खनिजांच्या सांगाड्यात तो बसत नाही. शिलारस थिजत जातो तसा तो उरलेल्या रसात साचत राहतो आणि शेवटी ग्रॅनाइट, पेग्मटाइट (शेवटच्या रसातून थिजलेला मोठ्या स्फटिकांचा खडक) किंवा रायोलाइटच्या (ग्रॅनाइटच्याच घडणीचा, बारीक कणांचा खडक) वाट्याला येतो. तरी यंदा एम.एस्सी.च्या दोघांनी हाच विषय मागितला. 2023 मध्ये केंद्राच्या 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत बेरिलियम आलं, त्यामुळे ही ओढ मला समजते. दोघांपुढे दोन वाटा होत्या.

पहिली वाट आंध्रातल्या नेल्लोरच्या अभ्रक पट्ट्याची. चेन्नईच्या गाडीने रेणिगुंट्याला उतरायचं, तिथून गुडूर. तिथल्या पेग्मटाइटमध्ये बेरिल, म्हणजे बेरिलियमचं खनिज, डोळ्यांना दिसतं. हिरवट-पांढरे षट्कोनी खांब, बहुधा मधल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) गाभ्याला लागून. जुन्या अभ्रक खाणींचे ढिगारे आहेत. खाणमालकाची परवानगी काढून हातोडी, होकायंत्र घेऊन पट्ट्यांचा नकाशा करता येतो. बेरिलची घनता गार आणि फेल्डस्पारच्या इतकी जवळ की पाण्याने किंवा वजनाने ते वेगळं होत नाही, म्हणून आजवर ते हाताने निवडूनच काढलं गेलं. या एका गोष्टीत पेग्मटाइटची मर्यादा कळते. स्फटिक मोठा, पण साठा विखुरलेला आणि लहान.

दुसरी वाट राउंड टॉपची. पश्चिम टेक्सासमध्ये सिएरा ब्लांकाजवळ रायोलाइटचा हा घुमटासारखा डोंगर आहे, सुमारे 3 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तो क्रिटेशियस काळातल्या चुनखडकात घुसला, आणि खरी गंमत त्या सीमेवर आहे. रायोलाइटमधून निघालेल्या गरम द्रवात बेरिलियम फ्लोरिनला धरून वाहत होतं. चुनखडक भेटताच कॅल्शियमने फ्लोरिन ओढून घेतलं, फ्लुओराइट तयार झालं आणि सुटं पडलेलं बेरिलियम तिथेच बर्ट्रंडाइट, फेनाकाइट अशा खनिजांत बसलं. नुसता रायोलाइट असता तर ते पसरून गेलं असतं. चुनखडकाने ते एका जागी धरून ठेवलं. मला ही रसायनाची गोष्ट कुठल्याही मोठ्या स्फटिकाहून सुंदर वाटते.

1980 च्या दशकात सायप्रस कंपनीने तिथे उतरता बोगदाही खणला. खनिज चांगल्या दर्जाचं निघालं, तरी खाण सुरू झाली नाही. जगाची बेरिलियमची गरज वर्षाला काहीशे टनांची, आणि ती भागवायला युटातला स्पोर माउंटन 1969 पासून चालू आहे. तिथलं बर्ट्रंडाइट थेट सल्फ्युरिक आम्लात विरघळतं. बेरिल मात्र आधी भट्टीत वितळवून, पाण्यात झटक्याने थंड करून मगच आम्लाला दाद देतं. पुढे राउंड टॉपकडे लोक वळले ते रायोलाइटमधल्या जड दुर्मिळ मृदांसाठी (रेअर अर्थ मूलद्रव्यांसाठी).

आता ज्यावर निर्णय अवलंबून आहे ते सांगते. बर्ट्रंडाइट बारीक असतं, रंग-रूपावरून ओळखू येत नाही. स्पोर माउंटनला त्यासाठी बेरिलोमीटर वापरतात. त्यातल्या अँटिमनी-124 च्या गॅमा किरणांनी बेरिलियममधून न्यूट्रॉन सुटतात आणि ते मोजले जातात. किरणोत्सारी स्रोत विद्यार्थ्याच्या हाती कोण देणार? हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) बेरिलियम पाहू शकत नाही, ते फार हलकं मूलद्रव्य आहे. इलेक्ट्रॉनांच्या झोताने खनिज तपासणारा नेहमीचा मायक्रोप्रोबही इथे कामी येत नाही. उरतं आयसीपी, म्हणजे नमुना विरघळवून प्लाझ्मात मूलद्रव्यं मोजणं, आणि बेरिलसाठी तर आधी फ्युजन, म्हणजे ते वितळवून घेणं. म्हणून विषय नोंदवण्याआधी विश्लेषण कोण करून देणार हे लेखी मिळवा. ते नसेल तर नेल्लोर घ्या, कारण तिथे नकाशा, दगडाचे पातळ छेद आणि सूक्ष्मदर्शकावर चांगलं काम उभं राहतं. दगड कोरडा दळू नका, छेद पाण्याखालीच कापा. बेरिलियमची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते.

माझा कल विचाराल तर बहुतेकांनी गुडूर गाठावं, गड्ड्याची जत्रा संपली की लगेच, ऊन तापायच्या आत. पण ज्याला पुढे पीएचडी करायची आहे त्याने राउंड टॉप नीट वाचावा आणि तो प्रश्न गुजरातेतल्या आंबाडोंगरला विचारावा. तिथे फ्लुओराइट आहे, कार्बोनेट खडक आहे, काळही दख्खनच्या लाव्हांचाच. फरक उगमाचा. तिथला रस कार्बोनेटाइटचा, म्हणजे कार्बोनेटने भरलेला, सिलिका भरलेल्या रायोलाइटचा नव्हे. मग तिथे फ्लोरिनच्या हाताला धरून कोणती मूलद्रव्यं आली आणि चुन्याने त्यातलं काय थांबवलं, हे तपासायला दोन-तीन वर्षं द्यावी लागतील.