एक बाटली, दोन नळ : कुरळ्या केसांसाठी परवडणारी उत्पादनं, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात वाघोलीला राहायला आल्यापासून माझे केस बिघडले, असं मी चार वर्षं सांगत होते. बाळंतपण, वय, ऑफिसचा ताण, जो तो आपापलं कारण द्यायचा. २०२४ च्या दिवाळीत आईकडे नारायण पेठेत आठ दिवस राहिले. शाम्पू माझाच, कंडिशनर माझाच, कंगवाही पिशवीतून नेलेला. दुसऱ्यांदा डोकं धुतलं आणि केस वाळल्यावर मानेपाशी बोटभर जाडीची वेटोळी पडलेली दिसली. कॉलेजनंतर मी ती पाहिली नव्हती. आईने मागून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हे तर तुझे लहानपणचे केस!"

दिवाळी संपवून घरी आले, त्याच बाटल्यांनी डोकं धुतलं, आणि केस पुन्हा पिंजून ठेवलेल्या कापसासारखे. तेव्हा ठरवलं की आता नीट बघायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत काय घेतलं, काय टिकलं आणि काय निम्मं वापरून कामवाल्या मावशींना दिलं, ते सगळं इथे लिहिते आहे. माझे केस खांद्याखाली चार बोटं, दाट, अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळणांचे; कुरळ्यांच्या वर्गवारीत ३ए म्हणतात तसे, मागच्या बाजूला थोडे सैल.

आधी पाण्याबद्दल, कारण माझा निम्मा खर्च ते न कळल्यामुळे झाला. पेठांमध्ये येतं ते खडकवासल्याचं धरणाचं पाणी. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. पुण्याच्या आसपासचा खडक बेसाल्ट, त्यातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. घरच्या घरी बघायचं तर दोन सारख्या बाटल्यांत दोन ठिकाणचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाका आणि हलवा. आईकडच्या बाटलीत वरपर्यंत फेस आला. आमच्याकडच्या बाटलीत दुधट पाणी आणि वर तरंगणारी साय. मग चाचणीच्या कागदी पट्ट्या मागवल्या. पट्टीचा रंग ४०० च्या पुढे गेला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे नुसता जडपणा पाहिला तर पिण्यासाठी आमचं पाणी कदाचित हद्दीत बसेल, केसांना मात्र ते जड जातं. हे क्षार केसाच्या पृष्ठभागाला धरून बसतात, केस खरखरीत होतो, एक केस दुसऱ्यात अडकतो आणि वळण नीट जमतच नाही. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, त्यातलेच हे क्षार.

हे कळल्यावर मी पहिली चूक केली ती शॉवरला लावायच्या फिल्टरची. १,९०० रुपये गेले. जाहिरातीत मऊ पाणी, मऊ केस असं लिहिलं होतं. महिन्याभराने पुन्हा पट्टी बुडवली, रंग तोच. असे फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात. जडपणा काढायला रेझिनचं सॉफ्टनर लागतं, ज्याला वेळोवेळी मीठ घालावं लागतं, आणि ते भाड्याच्या घरात कोण बसवणार? ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी या फिल्टरवर पैसे घालू नका, एवढं कळकळीने सांगते.

उपयोग झाला तो दोन साध्या गोष्टींचा. शेवटचं पाणी, म्हणजे कंडिशनर धुऊन झाल्यावरचे शेवटचे दोन तांबे, आरओच्या नळाचं. तीन लिटरची कळशी आदल्या रात्री भरून ठेवते. दुसरं म्हणजे दर पंधरा दिवसांनी वाण्याकडच्या लिंबूसत्वाचं पाणी: लिटरभर पाण्यात दोन चिमटी, जास्त नाही, शाम्पूनंतर केसांवरून ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग कंडिशनर. डोळे घट्ट मिटून, आणि डोक्यावर कुठे ओरखडा असेल तर अजिबात नाही. दहा रुपयांची पुडी वर्ष झालं तरी संपलेली नाही. पहिल्या वेळेनंतर केसांतून बोटं फिरवली तर मधे अडकली नाहीत, आणि मी न्हाणीघरातच आरशासमोर उभी राहिले बराच वेळ.

आता शाम्पू. इथे मी सगळ्यात जास्त पैसे घातले आणि सगळ्यात कमी फरक दिसला. सल्फेट (भरपूर फेस करणारा, तेल खरवडून काढणारा घटक) नसलेला शाम्पू हवाच, असं सगळीकडे वाचून २५० मिलीची ५४५ रुपयांची बाटली घेतली. वाईट नव्हती. पण शाम्पू डोक्यावर दोन मिनिटं असतो आणि तो लावायचा टाळूला, केसांच्या टोकांना नाही. टोकांना वाहून जाणारा फेस पुरतो. गेले सहा महिने मी किराणा दुकानात मिळणारा सौम्य शाम्पू वापरते, ज्याच्या घटकांत कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य फेसकारक वरच्या ओळींत आहे, आणि महिन्यातून एकदा साधा सल्फेटवाला. केसांना काही झालेलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, त्यामुळे जुनी छापील किंमत असलेली बाटली हातात आली तर बिलात काय लावलं ते बघून घ्या.

मधे मी कोवॉशही करून पाहिलं, म्हणजे शाम्पू बंद आणि कंडिशनरनेच डोकं धुवायचं. सात आठवडे केलं. केस छान दिसत होते, पण टाळू खाजायला लागली, मग पिवळट पापुद्रे. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायला सांगितला, आणि रात्रभर टाळूला तेल थापणं बंद करायला लावलं. कोंड्यामागच्या बुरशीला तेच तेल खायला मिळतं. महिन्याभरात टाळू शांत झाली. घामाच्या दिवसांत, हेल्मेट घालून रोज खराडीपर्यंत जाणाऱ्या बाईला कोवॉश झेपत नाही, हे माझं ठाम मत आहे.

खरा पैसा घालायचा तो कंडिशनरवर, आणि तोही महागड्यावर नाही, भरपूर मिळणाऱ्यावर. केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमधल्या बेहेन्ट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड अशा घटकांवर धन, म्हणून ते केसाला चिकटतात आणि पाण्याने धुतलं तरी थोडे मागे राहतात. बाटली उलटी करून यांतलं एखादं नाव आणि सेटिअरिल अल्कोहोल पहिल्या पाच-सहा नावांत आहे का ते बघते. घटक जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे छापलेले असतात, त्यामुळे वर काय आणि खाली काय ते महत्त्वाचं. अल्कोहोल वाचून घाबरू नका. सेटिल, सेटिअरिल ही मेणासारखी स्निग्ध अल्कोहोलं आहेत, केस मऊ करणारी. केस कोरडे करतं ते अल्कोहोल डिनॅट.

मी आधी आवळ्याएवढं कंडिशनर घ्यायचे. आता त्याच्या तिप्पट घेते. केस ओलेचिंब असताना, पाणी निथळू न देता, चार भाग करून प्रत्येकाला लावायचं आणि मोठ्या दाताच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता काढत जायचं. मग मान खाली घालून ओंजळीत पाणी घेऊन केस मुठीत दाबायचे. पचपच असा आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर पाणी कमी आहे. हा आवाज ओळखायला मला तीन आठवडे लागले, पण केसांची वळणं गुच्छागुच्छाने जमायला लागली ती त्यानंतरच. ७०० रुपयांचं चिमूटभर लावण्यापेक्षा २०० रुपयांचं मूठभर लावलेलं कुरळ्या केसांना कितीतरी जास्त मानवतं. केसावर गुळगुळीत थर चढवणारं सिलिकोन आहे म्हणून मी बाटली परत ठेवत नाही. महिन्यातून एकदा सल्फेटने धुते, तेवढं पुरतं.

धुतल्यावर टर्किश टॉवेल नको. घरातला जुना पंचा घ्या. पंचा मऊ असतो, पाणी ओढतो, केस ओढत नाही. खसाखसा पुसायचं नाही, खालून वर दाबायचं.

जेलबद्दल जरा सविस्तर, कारण भुरभुर बसते ती जेलने. फिक्स माय कर्ल्स, कर्ल अप, अश्बा बोटॅनिक्स, आराटा अशा आपल्याकडच्या कंपन्या आता खास कुरळ्या केसांसाठी वस्तू काढतात, माझ्या कॉलेजच्या दिवसांत यातलं काही नव्हतं. सवलतीत मिळाली तर मी एखादी ट्यूब घेते. पण वर्षातले सात-आठ महिने मी जवसाचं जेल घरी करते. चार मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं. पाण्यावर अंड्याच्या बलकाभोवती असतो तसा पांढरा, तारेचा फेस आला आणि चमचा उचलल्यावर धार तुटेना, की लगेच उतरवायचं. गरम असतानाच गाळायचं; गार झालं की गाळणीतून थेंब उतरत नाही. मी जुन्या पातळ ओढणीचा तुकडा वापरते आणि चिमट्याने पिळते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मे महिन्यात एक वाटी ओट्यावर विसरले, दुसऱ्या दिवशी आंबूस वास. तेव्हापासून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, एका धुण्याला दोन वड्या. पाव किलो जवसात दीड महिना सहज निघतो.

जेल ओल्या केसांनाच लावायचं. वाळल्यावर केस कडक, पापडासारखे होतात. पहिल्यांदा मी घाबरून पुन्हा डोकं धुतलं होतं. ते कडक कवच पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग तळहाताला दोन थेंब खोबरेल चोळून मुठीने चुरायचं. कवच मोडतं आणि वळण राहतं.

जवसाचं जेल पावसाळ्यात मात्र हरतं. जुलैत पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, तशा हवेत घरून निघताना नीट असलेले केस ऑफिसच्या लिफ्टमध्ये फुलून वर आलेले. दमट हवेतलं पाणी केसात शिरतं आणि आतले हायड्रोजन बंध नव्याने जुळतात, म्हणून वळण बिघडतं. माझ्या लीव्ह-इन क्रीममध्ये, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायच्या क्रीममध्ये, ग्लिसरिन तिसऱ्या क्रमांकावर होतं. ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढतं. डिसेंबरात त्याच बाटलीवर मी खूश होते, जुलैत तिनेच केस फुगवले. एप्रिलच्या कोरड्या दुपारीही तिचा उपयोग झाला नाही, केस राठ आणि चिकट लागायचे. पावसाळ्यापुरती मी लीव्ह-इन बंद केली आणि पॉलिक्वाटर्नियम (वळण धरून ठेवणारा घटक) असलेलं, ग्लिसरिन तळाशी असलेलं विकतचं घट्ट जेल घेतलं. २९० रुपये, जून ते सप्टेंबर पुरलं.

तेल मी सोडलेलं नाही. खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून धुण्याआधी तासभर, टाळू सोडून, फक्त लांबीला. आईची शिकेकाईची पूड मात्र मला जमली नाही, वळणांत कण अडकून राहतात. शेंगा रात्री भिजवून सकाळी उकळून गाळलेलं पाणी चालतं, आईकडे गेले की तेच वापरते.

केस सरळ करून घेण्याबद्दल कुणी विचारलं तर मी नको म्हणते. २०१९ मध्ये एका पार्लरमध्ये ६,५०० रुपये देऊन करून घेतलं होतं. औषध लावल्यावर डोळ्यांतून पाणी आणि घशात जळजळ, खिडकी उघडा म्हटलं तर एसी चालू आहे म्हणाले. अशा काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. सहा महिन्यांनी मुळाशी कुरळे आणि खाली सरळ, वाळलेले, असे दोन जातींचे केस घेऊन वर्षभर फिरले.

हेल्मेटसाठी तुळशीबागेतून सॅटिनचं कापड आणलं, एक मीटर. त्यातून उशीचा अभ्रा आणि एक रुमाल झाला. केस डोक्यावर सैल बांधून त्यावर रुमाल, मग हेल्मेट, आणि नेहमीचा सुती स्कार्फ फक्त तोंडाला. पूर्वी तोच स्कार्फ केसांवरून घट्ट गुंडाळायचे.

सगळा हिशोब मांडला तर सध्या महिन्याला ३५० रुपयांच्या आत भागतं, त्यात माझी सात वर्षांची मुलगीही आली. तिचे केस माझ्याहून कुरळे. शाळेत दोन वेण्या लागतात, आणि मी तिचे कोरडे केस विंचरायचे तेव्हा ती रोज रडायची, जशी मी आईसमोर रडायचे. आता रविवारी कंडिशनर लावलेल्या केसांतच गुंता काढते आणि आठवडाभर सकाळी फवाऱ्याच्या बाटलीने ओले करून बोटांनीच वेण्या घालते. कंगवा तिला फक्त रविवारी लागतो. पचपच आवाज आला की ती ओरडून सांगते, "आई, झालं!"

परवापासून पहाटे गारवा आहे. कपाटात मागे सरकवलेली ग्लिसरिनवाली लीव्ह-इन पुन्हा पुढे काढली आहे. अर्धी उरली आहे, फेब्रुवारीपर्यंत दोघींना पुरेल.