सौरपंप, डिझेल इंजिन आणि रात्रीची लाईट: तिन्हींवर शेत भिजवल्यानंतर

माझ्या विहिरीवर मागच्या रब्बीपासून ५ एचपीचा सौरपंप चालू आहे. त्याआधी तिथे तेवढ्याच ताकदीचे डिझेल इंजिन होते, ते अजून शेडमध्ये ठेवलेले आहे. बांधापलीकडे चुलतभावाच्या विहिरीवर शेतीचे कनेक्शन आहे आणि त्याची दारे धरायला (पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला) मी कित्येक रात्री गेलो आहे. रब्बी, उन्हाळा, पावसाळा असे सगळे हंगाम बघून झाले म्हणून आता लिहितोय. पंप बसल्यावर महिन्याभरात केलेल्या कौतुकाचा कुणाला फारसा उपयोग नसतो. जमीन मराठवाड्यातली, मध्यम काळी. मोसंबी ठिबकवर, बाकी गहू, हरभरा, थोडा कांदा.

आधी पैशाचे बोलू. इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पिते. लिटर नव्वदच्या आसपास, म्हणजे दिवसभर भिजवण केले की पाच-सहाशे रुपये गेलेच. वर ऑइल, नोझल आणि मिस्त्रीचे हेलपाटे वेगळे. सौरपंपाला राज्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के), बाकीचे केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि राज्याकडून. ५ एचपीला हा हिस्सा तीस हजारांच्या आसपास जातो. डिझेलवर शेती करणाऱ्याचे हे पैसे एक-दोन हंगामांत सुटतात, यात मला शंका नाही. अनुदान नसते तर गणित वेगळे असते. तीन लाखांच्या पुढची वस्तू अडीच-तीन एकरवाल्याने स्वतःच्या खिशातून घेतली नसती. मीही नाही.

चुलतभावाला मात्र हे गणित लागूच होत नाही. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकार भरते. त्याला वीज फुकट, मला ऊन फुकट. फरक वेळेचा. त्याच्या फीडरला (शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनीला) आलटून पालटून दिवसपाळी आणि रात्रपाळी असते. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन, गमबूट घालून, साप-विंचू बघत पाटाने चालायचे. मध्येच फेज जातो, ऑटो स्विच असला तरी मोटार उठत नाही, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर सगळा शिवार आठ-दहा दिवस कोरडा. गव्हाच्या ऐन भरणीत हे झाले की फुकट वीज किती महाग पडते ते कळते.

आता सौरपंपाबद्दल कुणी सांगत नाही ते सांगतो. लोक विचारतात, 'दिवसाला किती तास चालतो?' हा प्रश्नच अपुरा आहे. सकाळी आठला पंप चालू होतो खरा, पॅनलची वीज मोटारीला देणाऱ्या कंट्रोलरवर २८-३० हर्ट्झ (पूर्ण वेगाला ५०) दिसतात, मोटारीचा आवाजही येतो, पण पाइपाच्या तोंडाशी पाणी नसते. मोटारीचा वेग कमी झाला की पाणी उचलायची उंची वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणजे वेग निम्मा तर उंची पाव. ५० ऐवजी ३० हर्ट्झवर फिरणारा पंप जेमतेम एक-तृतीयांश उंचीवर पाणी चढवतो. विहीर काठोकाठ असते तेव्हा हे जाणवत नाही. मार्चनंतर पाणी खाली गेले की सकाळचा तास-दीड तास नुसता फिरण्यात जातो. भरदार पाणी साधारण दहा ते तीन. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने आणखी आखडते.

याचा थेट परिणाम भिजवणाच्या पद्धतीवर होतो. सारा पद्धतीने (रानात पाडलेल्या लांबट पट्ट्यांतून) गव्हाला पाणी देताना डिझेल इंजिनची धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते, पाणी साऱ्याच्या टोकापर्यंत पोचते. सौरपंपावर दुपारी तीननंतर धार बारीक झाली की वरच्या अर्ध्यात पाणी मुरत बसते आणि खालचा अर्धा तसाच. म्हणून गहू मी अकरा ते दोन एवढ्यातच भिजवतो आणि सारे आखूड केले आहेत. मोसंबीचे काम सोपे झाले, पण तिथेही ढगाची एक खांडोळी सूर्यावरून गेली की फिल्टरजवळच्या गेजचा काटा खाली येतो आणि शेवटच्या झाडांचे ड्रिपर थांबतात. एका वेळी सगळी बाग सुरू करायची सवय सोडावी लागते. व्हॉल्व्ह टाकून बागेचे तुकडे करावे लागतात. इंजिन काढून पॅनल लावले आणि बाकी सगळे तसेच ठेवले, असे ज्यांनी केले ते आमच्याकडे सौरपंपाला शिव्या देतात. उंचवट्यावर हौद किंवा शेततळे असेल तर हा सगळा त्रास निम्मा होतो: दिवसभर जसे येईल तसे पाणी साठवायचे, पाहिजे तेव्हा सोडायचे.

एक गोष्ट उलटी निघाली. मे महिन्यात पंप सर्वांत जोरात चालेल असे सगळ्यांना वाटते. चालतो, पण फेब्रुवारी-मार्चच्या लख्ख थंड दुपारी तो जास्त जोरात असतो. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, त्यापुढे अंशाला साधारण ०.४ टक्के घट. उन्हाळ्यात काचेचा चटका हाताला सोसत नाही, तेव्हा दहा-पंधरा टक्के सहज जातात. त्यात धूळ. पॅनल भल्या सकाळी, काच थंड असताना धुवावेत. आणि कडुनिंबाच्या एका फांदीची सावली कोपऱ्यातल्या पॅनलवर आली तरी अख्खी रांग ढेपाळते, कारण ती पॅनल एकामागे एक जोडलेली असतात. फांदी तोडल्यावर फरक त्याच दिवशी कळला.

सेवेबद्दल चांगले लिहिण्यासारखे नाही. पाच वर्षे देखभाल पुरवठादाराची, विमाही त्यातच, असे कागदावर आहे. उन्हाळ्यात कंट्रोलर विहिरीत पाणी असतानाही 'ड्राय रन' (पाणी नाही) दाखवून बंद पडायचा. तक्रार नोंदवली, फोनवर 'माणूस पाठवतो' ऐकत राहिलो, आणि त्या काळात बाग जगवली ती डिझेल इंजिनने. इंजिनाचे हेच मोठेपण आहे: गावातला कुठलाही मिस्त्री ते उघडतो आणि सुटा भाग तालुक्याला मिळतो. कंट्रोलर बंद पडला की माणूस कंपनीचाच लागतो. म्हणून इंजिन विकलेले नाही.

आता जरा शिवाराबाहेरचे. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातली निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, गॅस सोडून इतर) स्रोतांची झाली, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून साधारण तीन-चतुर्थांश आहे. सौर प्रकल्प रात्री शून्य असतो, चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र रात्रीही चालते. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा कोयनेचे १,९६० मेगावॅट कामाला येतात, पण ते धरणातल्या पाण्याच्या हिशेबाने. चुलतभावाला रात्री दोनला मिळणारी लाईट बहुतेक कोळशाची असते. कोळशालाही पाणी लागते, हे आम्हा मराठवाड्यातल्यांना वेगळे सांगायला नको: २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. डिझेलचे तर काय, कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त देश बाहेरून आणतो, आणि त्याचा भाव आपल्या हातात नाही.

सौरपंपाची बाजू घेऊनही एक भीती मनात आहे. डिझेल जळताना माणूस घड्याळाकडे बघतो, पुरे झाले की इंजिन बंद करतो. ऊन फुकट असले की पंप चालूच राहतो. शेजारच्या शिवारात बोअरवर सौरपंप बसल्यापासून दिवस मावळेपर्यंत पाट वाहतो आणि एप्रिलमध्येच आजूबाजूचे बोअर आटू लागले. यावर एक उपाय गुजरातमध्ये झाला. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी सौरपंपधारक शेतकऱ्यांनी २०१६ साली सहकारी मंडळी काढून जास्तीची वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. वापरली नाही तर पैसे मिळतात म्हटल्यावर पाणी जपून वापरायला कारण मिळते. माझे पॅनल पावसाळ्याचे महिने आणि आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडलेली (फुले यावीत म्हणून पाणी तोडलेले) असताना नुसते उभे असतात. त्या वेळी त्यावर कडबाकुट्टी चालवता आली तरी पुष्कळ, पण माझा कंट्रोलर फक्त पंप ओळखतो.

ज्यांचा अर्ज मंजूर झाला आहे त्यांनी बसवतानाच तीन गोष्टी अडून करून घ्याव्यात. ५ एचपी आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी सांगून त्या उंचीचा पंप मागा. पायाचे काँक्रीट समोर उभे राहून भरून घ्या, वळवाच्या वाऱ्यात सांगाड्यासकट उडालेली पॅनल मी पाहिली आहेत. आणि अर्थिंग व वीजरोधक (आभाळातली वीज पडली तर बचावासाठीचा) जोडल्याशिवाय पूर्णत्वाच्या कागदावर सही करू नका.