‘फिनिअस फिन’चं सचित्र पुनर्मुद्रण: मागवण्याआधी चित्रं मोजा

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपच्या ‘फिनिअस फिन’ या कादंबरीची मागणीनुसार छापलेली पेपरबॅक आता टपालाने आर्वी, पुसदकडेही पोचते. मुखपृष्ठावर ‘सचित्र’ लिहिलंय. मजकूर पुरा आहे, ७६ प्रकरणं. चित्रांचा मात्र सत्यानाश केलाय.

ऑक्टोबर १८६७ ते मे १८६९ या काळात ‘सेंट पॉल्स’ मासिकात ही कादंबरी वीस हप्त्यांत आली आणि चित्रकार जॉन एव्हरेट मिलेने तिच्यासाठी २० चित्रं काढली. या प्रतीत १७च आहेत, तीही शेवटी गठ्ठ्याने. चित्राखालच्या ओळी बहुतेक संवादातूनच उचललेल्या असतात. इथे त्याही गाळल्यामुळे कोणतं चित्र कुठल्या प्रसंगाचं, ते हुडकत बसावं लागतं.

छपाई का बिघडली तेही सांगायला हवं. मूळ चित्रं लाकडी ठशांची. ठशात रेषा उंच राहते, बाकी लाकूड कोरून काढतात. म्हणजे करडा रंग नसतोच, सावली पडते ती रेषांच्या दाटीने. अशा पानाचा फोटोसारखा स्कॅन घेऊन ठिपक्यांत छापला की ठिपके आणि रेषा एकमेकांवर चढतात, लहरी पट्टे उमटतात. हलक्या कागदावर शाई पसरते ती वेगळीच. इथे झग्याच्या चुण्या म्हणजे काळा डाग झालाय, आणि मिलेची खरी करामत तर त्या चुण्यांत आणि झुकलेल्या मानेत असते.

कादंबरी पार्लमेंटची असून चित्रांत दिवाणखानेच जास्त का? उत्तर ट्रोलपच्या आत्मचरित्रात (१८८३) आहे: राजकारण स्वतःसाठी लिहायचं, तर वाचकासाठी प्रेम आणि कारस्थानं घालावीच लागतात. मिलेने वाचकाची बाजू धरली, असं आमचं मत.

चार पानी प्रस्तावनेत तेव्हाच्या टीकेचा आढावा आहे, पण अर्धवट. कादंबरीतला टर्नबुल म्हणजे तेव्हाचा खासदार जॉन ब्राइट याचं विडंबन, असा आरोप १८६९मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने केला, एवढं दिलंय. ट्रोलपने तो नाकारला होता, ते दिलेलं नाही. नायक आयर्लंडचा घेतला ही आपली चूक, असं ट्रोलपने पुढे स्वतःच लिहिलं, तेही नाही. आम्हाला ती चूक वाटत नाही. आयरिश कुळांच्या हक्कासाठी फिनिअस सरकारी पद सोडतो. मालगुजारीच्या गोष्टी ऐकलेल्या नागपूरकडच्या वाचकाला तो पेच टिपांशिवाय कळतो. दोस्तासाठी २५० पौंडांच्या हुंडीवर सही करून सावकार मागे लावून घेणंही तसंच.

बांधणी नुसत्या गोंदाची आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात कणा तडकतो, पानं सुटतात. वाचनालयाने देवघेवीला काढण्याआधीच दोऱ्याने शिवून पुठ्ठा चढवावा.

फक्त मजकूर हवा असेल तर प्रत चालेल. चित्रांसाठी पैसे घालू नका. जुन्या आवृत्तीचे मोफत स्कॅन मिळतात. त्यातली चित्रं ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), करडा नव्हे तर निव्वळ काळा-पांढरा पर्याय निवडून, मूळ आकारातच लेझरवर काढा. कागद ८० जीएसएम मॅपलिथो. रेषा तुटल्या तर थ्रेशोल्ड (कुठवरचा करडा काळा धरायचा ती मर्यादा) थोडा हलवा, चित्र मोठं करू नका. मग प्रत्येक चित्र ज्या संवादाचं, त्या पानासमोर कडेला खळीची बारीक रेघ ओढून चिकटवा.